पंजाबचे पंचांग एकट्या सूर्याचे नाही

पंजाबी सण म्हटले की आपल्याकडे दोन नावे पुढे येतात : लोहडी आणि बैसाखी. त्यापाठोपाठ एक सिद्धान्तही येतो. पंजाबचे पंचांग सौर आहे, तिथले सण सुगीचे आहेत, तिथी आणि उपासतापास हा तिथल्या हिंदूंचा पिंड नव्हे, आणि करवा चौथसारखे जे व्रत दिसते ते सिनेमाने मोठे केलेले. हे मत इतके रुळले आहे की त्याला कोणी पुरावा विचारीत नाही. मला ते चुकीचे वाटते. चुकीपेक्षाही ते अन्यायाचे आहे, कारण पंजाबी हिंदू घरांतल्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेले सबंध वर्ष त्याने पुसले जाते.

आधी पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण बळानिशी मांडला पाहिजे. पंजाबात ज्याला 'देसी महिना' म्हणतात तो खरोखरच संक्रांतीला लागतो. त्या दिवसाला 'संग्रांद' म्हणतात. हिंदू मंदिरात आणि शीख गुरुद्वारात जाऊन नव्या महिन्याचे नाव ऐकतात. पोह महिन्याच्या शेवटच्या रात्री लोहडी पेटते, दुसऱ्या दिवशी माघी. आणि विसाखचा पहिला दिवस म्हणजे बैसाखी. आपल्या नामदेवांचेच उदाहरण घ्या. त्यांचा समाधिदिन पंढरपुरात आषाढ वद्य त्रयोदशीला होतो. गुरदासपूर जिल्ह्यातल्या घुमाणला मात्र त्यांची यात्रा माघ संक्रांतीला लागून भरते. एकाच संताची आठवण इथे तिथीने आणि तिथे सूर्याने! दुसरा मुद्दा आर्य समाजाचा. 1875 साली मुंबईत स्थापन झालेला हा समाज 1877 मध्ये लाहोरला पोचला आणि जितका पंजाबात रुजला तितका महाराष्ट्रात कधीच रुजला नाही. मूर्तिपूजा आणि व्रतवैकल्ये यांवर त्याने कडाडून टीका केली. तिसरा मुद्दा 1995 सालच्या 'दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे'चा. करवा चौथ देशभर गाजली ती त्यानंतर. हे तिन्ही मुद्दे खरे आहेत. त्यांवरून काढलेला निष्कर्ष मात्र खरा नाही.

पहिला मुद्दा पंचांगाचा. पंजाबातली कोणतीही जुन्या वळणाची जंत्री उघडा. एका रकान्यात तिथी असते, शेजारच्या रकान्यात 'प्रविष्टे', म्हणजे सौर महिन्याचा कितवा दिवस, ते असते. दोन्ही रकाने एकाच पानावर असतात, कारण घराला दोन्ही लागतात. महिना सूर्याने लागतो आणि व्रत चंद्राने ठरते. ही काही अलीकडची तडजोड नव्हे. अकराव्या शतकात अल्बेरुनीने नोंदवले आहे की लाहोरकडचे लोक वर्ष मार्गशीर्षापासून धरतात आणि मुलतानच्या लोकांनी नुकतीच ती रीत सोडून चैत्रारंभ स्वीकारला आहे. तो वाद चांद्र महिन्यांतलाच होता.

सगळे सुगीचे आणि सूर्याचे असते, तर विश्वकर्मापूजनाचे काय? बंगाल-बिहारात ही पूजा कन्या संक्रांतीला, म्हणजे सप्टेंबरच्या मध्याला, सौर दिवशी होते. पंजाबात ती दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी होते. आपल्याकडे पाडवा असतो तेव्हा तिथला कारागीर हत्यारे पुसून पूजेला मांडतो आणि काम बंद ठेवतो. इथे 'सौर' म्हणवणारा पंजाब तिथीने चालतो. लुधियाना जिल्ह्यातली छपारची गुग्गा पीराची प्रसिद्ध जत्रा भादों सुदी चौदसला भरते, आणि जालंधरचा बाबा सोढलचा मेळाही त्याच दिवशी. राखडी सावण पौर्णिमेला बांधतात. शिखांनी 2003 साली नानकशाही दिनदर्शिका स्वीकारून बहुतेक गुरुपर्वे सौर तारखांना बांधली. तरी गुरू नानकांचे पर्व, दिवाळी आणि होला मोहल्ला तिथीवरच ठेवावे लागले. तिथी या मातीत किती खोल रुतली आहे, हे यापेक्षा ठळक कशाने दिसेल?

दुसरा मुद्दा आर्य समाजाचा. त्याचे कार्य मोठे आहे, विशेषतः मुलींच्या शिक्षणात. पण त्याच काळात त्याच भूमीत फिल्लौरचे पंडित श्रद्धाराम सनातन पक्षाच्या बाजूने व्याख्याने देत हिंडत होते, आणि आज आपल्याकडच्याही मंदिरांत ऐकू येणारी 'ओम जय जगदीश हरे' ही आरती त्यांचीच आहे. सुधारकांचा वाद सभेत आणि वर्तमानपत्रात चालला. व्रत चालत होते ओसरीवर, स्वयंपाकघरात, शेजारणींच्या घोळक्यात. तिथे पुरोहित नसला तरी चाले. कथा सांगणारी एखादी वयस्क बाईच असे. जे व्रत पुरोहितावर अवलंबून नाही, ते पुरोहितावरच्या टीकेने संपत नाही. शाळेत, सभेत, छापखान्यात त्याची नोंद झाली नाही, म्हणून ते नव्हतेच असे म्हणणे हा प्रमाणशास्त्रातला दोष आहे.

तिसरा मुद्दा करवा चौथचा. सिनेमाने चाळण दाखवली. पण व्रत चाळणीत नाही. पहाटे तारे असताना सासूने दिलेली 'सरगी' खायची असते. तीत फेण्या, मठरी, फळे असतात. मग दिवसभर पाण्याचा थेंबही नाही. दुपार कलली की गल्लीतल्या सवाष्णी नटूनथटून गोल बसतात, वीरो राणीची कथा ऐकतात आणि पूजेची ताटे एकीच्या हातून दुसरीच्या हाती अशी सात वेळा फिरवतात. त्या दिवशी सूत कातायचे नाही, सुई ओवायची नाही. चरखा घरोघरी फिरत होता, त्या काळाचा निषेध त्या विधीत गोठून राहिला आहे. कॅमेऱ्याला असले काही सुचत नसते.

आणि करवा चौथनंतर चारच दिवसांनी होई अष्टमी येते. तिच्यावर कोणी गाणे चित्रित केले नाही. आई मुलांसाठी उपास करते, भिंतीवर होईमातेचे चित्र काढते आणि संध्याकाळी तारा पाहून उपास सोडते. कथेतल्या बाईच्या कुदळीने माती खणताना साळिंदराचे पिल्लू मेले होते. म्हणून त्या दिवशी जमीन खणत नाहीत. थंडीत पुन्हा संकट चौथ येते. तिला घरात 'भुग्ग्याचे व्रत' म्हणतात, कारण चंद्र पाहून तीळ आणि खव्याचा भुग्गा खायचा. चेत आणि अस्सू महिन्यांतल्या 'नरात्यां'त मातीच्या कुंड्यात जव पेरून 'खेतरी' उगवतात. आपल्या घटाची ती सख्खी बहीण. अस्सूत मुली भिंतीवर मातीच्या चांदण्यांची सांझी लावतात. अष्टमीला किंवा नवमीला कंजकांचे, म्हणजे कुमारिकांचे, पाय धुऊन त्यांना पुरी, काळे चणे आणि शिरा वाढतात. जेठातल्या निर्जला एकादशीला स्वतः पाणी न पिता वाटसरूंना गोड पाणी पाजतात. ही व्रते सिनेमाने घडवली म्हणायची, तर त्यांचा सिनेमा कोणता?

मराठी वाचकाची एक अडचण मात्र खरी आहे. पंजाबात महिना पौर्णिमेला संपतो, आपल्याकडे अमावास्येला. म्हणून त्यांची कत्तक वदी चौथ आपल्या पंचांगात आश्विन वद्य चतुर्थी असते. नाव वेगळे म्हणून दिवसही वेगळा वाटतो. प्रत्यक्षात ती आपली संकष्टी असते. भुग्ग्याचे व्रतही पौषातल्या संकष्टीलाच पडते. इथली बाई मोदकाचे ताट झाकून चंद्रोदयाची वेळ पाहते, त्याच रात्री जालंधरची बाई गच्चीवर अर्घ्याचे पाणी घेऊन उभी असते. दोघी एकाच चंद्राची वाट पाहत असतात.

तेव्हा सिद्धान्त असा : पंजाबचे पंचांग सौर आहे हे अर्धसत्य आहे. संक्रांत तिथे महिन्याचा उंबरठा आहे. घर तिथीने चालते. जत्रेचा ढोल रस्त्यावरून ऐकू येतो म्हणून संक्रांत दिसली, आणि उपास मुकाट्याने होतो म्हणून तिथी दिसली नाही. पंजाबच्या सणांवर लिहिणाऱ्यांनी जंत्रीचा दुसरा रकाना वाचावा. फाळणीनंतर सायन-कोळीवाड्यात आलेल्या घरांत आजही एखादी आजी भेटेल. होईची कथा तिला विचारावी. आणि पुढच्या अनंत चतुर्दशीला पुण्यात मिरवणूक निघेल तेव्हा एवढे लक्षात ठेवावे, की त्याच तिथीला छपारला गुग्ग्याची जत्रा भरलेली असते.