पाठीमागच्या आसनाचा इतिहास

आमच्या नालवाडीत इतिहास म्हटला की विनोबांचे नाव निघते, आणि ते योग्यच आहे. १९३२ साली ते येथे राहावयास आले आणि १९३८ साली प्रकृतीसाठी पवनारला गेले. पण मी आज जो इतिहास सांगणार आहे तो एका जुन्या फटफटीच्या मागल्या स्प्रिंगांचा आहे. वाचकांनी हसू नये. त्याही इतिहासाची वाट पवनारकडेच जाते.

माझी बुलेट मी जुन्या बाजारात घेतली. आईला दर महिन्याला पवनारला जावयाचे असते. मी तिला मागे बसवून नेत असे. धामच्या पुलाअलीकडे एक खड्डा आहे. तो जवळ आला की तिची बोटे माझ्या खांद्यात रुतत. गेल्या आश्विनात तिने जाण्यास साफ नकार दिला. मी म्हणालो, "आई, मी तर हळूच चालवतो." त्यावर ती म्हणाली, "पुढं बसनाऱ्याले रस्ता दिसते रे बापू. मांगच्याले निस्ते गचके भेटतेत."

शाळेत मी मुलांना इतिहास शिकवतो; पण मोटारसायकलचा अवघा इतिहास या एका वाक्यात आहे हे मला तेव्हा कळले. १८८५ साली जर्मनीत डाइमलरने पहिली पेट्रोल इंजिनाची दुचाकी केली. तिचा सांगाडा लाकडी, आणि चाकांना आपल्या बंडीसारखी लोखंडी धाव! १८८८ साली बेलफास्टचे गुरांचे डॉक्टर डनलॉप यांनी हवेच्या टायरचे पेटंट घेतले. तो टायर त्यांनी केला होता आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी. पोराची हाडे खिळखिळी होतात हे बापाला बघवले नाही, म्हणून जगाला हवेचे चाक मिळाले.

पुढे पुढच्या चाकाला स्प्रिंगा आल्या, चालवणाऱ्याच्या बैठकीखालीही आल्या. मागचे चाक मात्र सांगाड्याला घट्ट जखडलेलेच राहिले. मागे बसणारा मडगार्डवरच्या उशीवर नशिबाच्या हवाली! अमेरिकेतील 'इंडियन' गाड्यांनी १९१३ साली मागे तांग्यासारखे कमानपट्टे लावून पाहिले. इंग्लंडात फिलिप व्हिन्सेंटने १९२८ पासून मागल्या स्प्रिंगांचा हट्ट धरला. पण मागचे चाक सैल सोडले तर गाडी डुलेल, ही शंका बहुतेकांच्या मनातून जाईना. ती फिटायला महायुद्ध संपावे लागले. १९४८ साली इटलीतील सहा दिवसांच्या आंतरराष्ट्रीय कसोटीत मागे स्प्रिंगा असलेल्या रॉयल एन्फील्डच्या नव्या बुलेटने नाव काढले. १९४९ पासून ती विक्रीस आली. आपल्या सैन्याने ती पसंत केली आणि १९५५ साली मद्रासला एन्फील्ड इंडिया कंपनी निघाली. हिमालयातल्या गस्तीची गाडी अशी आमच्या वऱ्हाड-नागपूरच्या रस्त्यांवर उतरली.

दिवाळीच्या सुट्टीत मी ओळखीच्या मिस्त्रीकडे गेलो. त्याने गाडी मधल्या स्टँडवर घेतली, ब्रशाने डिझेल लावून शॉकअपवरचा चिखल काढला, आणि हसला. शॉकअपच्या खालच्या अंगाला पायऱ्या कापलेली एक कडी असते. कडी वरच्या पायरीवर नेली की स्प्रिंग आधीच दाबली जाते आणि गाडी ओझ्याखाली कमी बसते. माझ्या गाडीची कडी शेवटच्या पायरीवर होती. "मास्तर, पहिल्या मालकानं हिच्यावर पोती वाहिली असतील," मिस्त्री म्हणाला.

मी खजील झालो. माझी आई भरली चाळीस किलो. आणि गाडी इतके दिवस तिला पोते समजत होती!

आकड्याच्या पान्याने त्याने कडी दोन पायऱ्या खाली आणली. दुसऱ्या बाजूची अगदी तेवढीच, कारण दोन्ही बाजू सारख्या नसल्या तर चाक धरणाऱ्या चिमट्याला पीळ बसतो. मग मागची बैठक जोराने दाबून सोडली. गाडी वर आली आणि दोन-तीनदा नाचली. स्प्रिंग नुसती उसळी मारते. ती उसळी जिरवते ते आतले तेल, आणि तेल एका बाजूने गळून गेले होते. दोन्ही शॉकअप नवे घालावे लागले. तेव्हा कुठे गाडी एकदाच वर येऊन शांत उभी राहू लागली. शेवटी त्याने मला मागे बसवून साखळीचा ढिलेपणा पाहिला. चिमटा वरखाली होताना साखळी कधी ताणते, कधी सैलावते, म्हणून ती जेथे सर्वात ताणते तेथे थोडी ढिली राहिली पाहिजे.

त्या दिवशी मी प्रथमच माझ्या गाडीच्या मागच्या आसनावर बसलो होतो. तेथून खरोखरच रस्ता दिसत नाही. फक्त पुढच्याची पाठ दिसते.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी आई पुन्हा बसली. कुरकुरत, पण बसली. नालवाडी मागे पडली. धामचा पूल दिसू लागला. मी वेग कमी केला आणि खांद्यावर बोटे रुतण्याची वाट पाहू लागलो. पूल संपला तरी खांदा मोकळाच.

मागून आवाज आला, "खड्डा गेला का रे?"