काखेतला पिवळा डाग आणि रंगाऱ्याची तुरटी

आजच्या भागाची सुरुवात माझ्याच एका चुकीने करतो.

वाकोल्यात पाइपलाइनच्या बाजूला आमचे धोबीकाका बसायचे. मला पहिली नोकरी लागली तेव्हा माझे तीन पांढरे शर्ट आलटून पालटून त्यांच्याकडे असत. एका शर्टाच्या काखेत पिवळा, कडक डाग पडला. मी चारचौघांत विचारलं, "काका, कसला सोडा वापरता हो?" आणि त्या महिन्याचे पैसे कापले. ते काही बोलले नाहीत. शर्ट परत भट्टीला लावला, ब्लीचमध्ये बुडवला. डाग आणखी पिवळा होऊन आला. मग मी धोबी बदलला. तिकडेही तेच!

डाग काकांनी पाडलाच नव्हता. तो मीच रोज सकाळी लावत होतो, रोल-ऑनच्या बाटलीतून.

आता हे नीट समजायला जरा मागे जावं लागेल. चांगलं साडेचार हजार वर्षं. मोहेंजोदडोच्या उत्खननात 1920 च्या दशकात एका चांदीच्या भांड्याला चिकटलेले सुती कापडाचे तुकडे सापडले. चांदीच्या क्षारांमुळे ते कुजले नव्हते. त्यांची तपासणी झाली ती आपल्या माटुंग्यातल्या कापसाच्या प्रयोगशाळेत. गुलाटी आणि टर्नर या संशोधकांना त्यावर मंजिष्ठेच्या जातीचा लाल रंग आढळला. आणि मंजिष्ठा नुसती सुतावर टिकत नाही. पहिल्या धुण्यालाच उतरते. तिला धरून ठेवायला मध्ये काहीतरी लागतं, ज्याला रसायनशास्त्राच्या पुस्तकात रंगबंधक म्हणतात. आपल्याकडच्या रंगाऱ्यांचं रंगबंधक म्हणजे तुरटी. कापड आधी हिरड्याच्या पाण्यात, मग तुरटीत, मग मंजिष्ठेच्या किंवा आलाच्या मुळ्यांबरोबर उकळायचं. जुन्या चोपड्यांना बांधायचा लाल खारवा असाच रंगायचा.

तुरटी म्हणजे ॲल्युमिनियमचा क्षार. हा ॲल्युमिनियम सुताला घट्ट धरतो आणि दुसऱ्या हाताने रंगाला. रंगाऱ्याला हेच हवं असतं.

तीच तुरटी न्हावी दाढीनंतर गालावर फिरवतो आणि आपली आजी घामाचा वास येऊ नये म्हणून काखेत लावायची. पण ती चिमूटभर, आणि आंघोळीत धुऊन जायची. अमेरिकेत 1888 मध्ये 'मम' नावाचं मलम आलं, ते जस्ताचं होतं आणि वासापुरतं होतं. घामच थांबवणारं 'एव्हरड्राय' आलं 1903 मध्ये, आणि त्यात ॲल्युमिनियम क्लोराइड होतं. मग आलं 'ओडोरोनो'. एडना मर्फी या तरुणीच्या डॉक्टर वडिलांनी शस्त्रक्रिया करताना हाताला घाम येऊ नये म्हणून केलेलं औषध तिने काखेसाठी विकायला काढलं. 1912 च्या अटलांटिक सिटीच्या प्रदर्शनापासून ते चाललं. मात्र ते इतकं आम्लधर्मी, वर लाल रंगाचं, की कपडे खराब व्हायचे. एका बाईंचा लग्नाचा पोशाखच गेला! म्हणजे माझ्या शर्टाची तक्रार शंभर वर्षं जुनी आहे. पुढे 1941 मध्ये ज्यूल्स माँटेनिए यांनी नायट्राइल घालून त्यातलं आम्ल सौम्य करण्याचं पेटंट घेतलं. कापड जळायचं कमी झालं. ॲल्युमिनियम मात्र राहिला.

आपल्याकडे 1999 मध्ये ॲक्स आला आणि कॉलेजातली पोरं त्यात अक्षरशः न्हाऊ लागली. असले फवारे बहुतेक सुगंध आणि अल्कोहोलचे, त्यांचा दोष कमी. घाम थांबवणाऱ्या रोल-ऑनमध्ये ॲल्युमिनियम असतो. त्यात मुंबईची दमट हवा. तो घामातली प्रथिनं आणि तेल घेऊन सुतावर बसतो, रंगाऱ्याच्या कढईत बसायचा तसाच. रोज एक थर.

आणि इथे काका हरले. धोब्याची सगळी विद्या खाराची: पापडखार, सोडा, भट्टीची वाफ. मळ त्याने जातो. हा डाग आंबटाला मानतो. ब्लीच तर घामातल्या प्रथिनांना आणखी पिवळं करतं, आणि इस्त्रीची उष्णता डाग पक्का करते. मी "अजून कडक धुवा" म्हणत होतो आणि ते बिचारे तसंच करत होते.

परवा तोच शर्ट काढला. एक वाटी पांढरं व्हिनेगर, दोन वाट्या गार पाणी, त्यात काखेचा भाग तासभर बुडवला. (लिंबूसत्त्वही चालतं. पण त्यात ब्लीच कधीही मिसळू नका, विषारी वायू निघतो.) स्वच्छ खळबळून मग खायचा सोडा आणि औषधाच्या दुकानातलं तीन टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड कालवून लावलं, अर्ध्या तासाने जुन्या ब्रशने हलकं घासलं. पेरॉक्साइड फक्त पांढऱ्यालाच हं, रंगीत कपड्याचा रंग जाईल. दोनदा करावं लागलं. कडकपणा गेला, पिवळेपणाची सावली राहिली. इतक्या वर्षांचा डाग, तेवढं चालायचंच.

कॉलरच्या आत काकांनी घातलेली बिब्ब्याची काळी खूण मात्र जशीच्या तशी आहे. कापलेले पैसे द्यावेत म्हणून पाइपलाइनकडे गेलो होतो. तिथे आता मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. काका गावी गेले एवढंच तिथल्या पोराला ठाऊक होतं. कुठलं गाव, ते मी कधी विचारलंच नव्हतं.