नाथांचे भूत
पैठणच्या नाथमहाराजांनी सोळाव्या शतकात भुतावर भारूड रचले. झपाटल्याची सारी भाषा त्यात आहे. पण धरणारे भूत म्हणजे चराचरात भरलेला देवच. ध्रुवबाळालाही तेच लागले. नाथांनी भुताचे भयच काढून घेतले.

वैद्यक सांगते, झपाटल्यासारखे वागण्यामागे अनेकदा फेफरे किंवा मनाचा आजार असतो. भूत उतरवण्याच्या नावाखाली साखळीने बांधणे, मारणे, मिरचीची धुरी देणे 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरवले. कीर्तन-भजनावर गदा येईल, ही वारकऱ्यांची धास्ती होती. कायद्याने ती स्पष्ट वगळली.

तेव्हा माउली, देवगाव फाट्यावर कुणाला 'बाहेरचे' झाले म्हणतील, तर आधी डॉक्टरकडे न्यावे आणि उशाशी बसून नाम घ्यावे. नामाला चाबूक लागत नाही.