उलटतपासणीकडून संवादाकडे

'साठी बुद्धी नाठी' असे म्हणून स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला हसण्यावारी नेण्याची सोय आपण फार पूर्वीच करून ठेवली आहे. अशा माणसाशी बोलावे कसे, याचा विचार मात्र अलीकडचा. त्याचा इतिहास जेमतेम सव्वाशे वर्षांचा आहे.

२५ नोव्हेंबर १९०१ रोजी फ्रँकफुर्टच्या मनोरुग्णालयात ऑगुस्टे डेटर ही ५१ वर्षांची बाई दाखल झाली. नवरा रेल्वेत कारकून होता. डॉ. आल्त्सहायमर यांनी तिला प्रश्न विचारले व उत्तरे टिपून ठेवली. नाव काय? ऑगुस्टे. नवऱ्याचे नाव? तेही बहुधा ऑगुस्टेच! ताटात फुलकोबी आणि मांस असताना ती पालक खात असल्याचे म्हणाली. १९०६ साली ती वारली. त्याच वर्षी डॉक्टरांनी तिच्या मेंदूतील विकृती ट्यूबिंगेनच्या सभेत मांडली, आणि १९१० मध्ये क्रेपेलिन यांनी या रोगाला आल्त्सहायमरचे नाव दिले. निदानासाठी वैद्याला असे प्रश्न विचारावेच लागतात. पण घरोघरी आपणही तीच रीत चालवतो: "मला ओळखलंत का? आज वार कोणता?" ज्याच्यापाशी उत्तर नाही, त्याची ही रोजची उलटतपासणी होय.

१९६० च्या दशकात अमेरिकेत डॉ. जेम्स फोल्सम यांची पद्धत पुढे आली. फळ्यावर वार, तारीख, हवामान लिहायचे आणि रोग्याला वारंवार वास्तवाची जाणीव द्यायची. हेतू चांगला होता. रोग्याला नुसते पडू देण्यापेक्षा ते बरेच. परंतु आईला शोधणाऱ्या वृद्धेला "आई केव्हाच गेली" असे दर वेळी सांगितले, तर तिला दर वेळी नव्याने सुतक येते. १९६३ पासून क्लीव्हलंडच्या वृद्धाश्रमात काम करणाऱ्या नेओमी फाइल यांनी म्हणूनच निराळी वाट धरली: चूक सुधारण्याऐवजी तिच्यामागील भावना मान्य करावी. पुढे १९९७ साली इंग्लंडच्या टॉम किटवुड यांनी दाखवून दिले की घाई करणे, पोरासारखे वागवणे, माणूस समोर असता त्याच्याविषयी परस्पर बोलणे यांत द्वेष नसतो. तरी त्याचे माणूसपण त्यानेच खचते.

आम्हां कामगार संघटनेतल्या माणसांना हे लवकर पटते. पगाराविषयी बोलणारा कामगार पुष्कळदा अपमानाविषयी बोलत असतो. निवृत्त गिरणी कामगार पहाटे उठून "भोंगा झाला, पाळी चुकेल" म्हणू लागला, तर गिरणी बंद पडल्याचा वाद घालू नये. चहा द्यावा, साचेखात्याच्या गोष्टी काढाव्या, घडी घालायला चार कपडे हाती द्यावे. आपण उपयोगी आहोत, एवढेच त्याला हवे असते. समोरून यावे, त्याच्या नजरेच्या पातळीवर बसावे, आपले नाव आपणच सांगावे. एका वेळी एकच गोष्ट बोलावी आणि उत्तराची वाट पाहावी. शब्द सरले तर हात हाती घ्यावा.

पण रात्रभर जागलेल्या सुनेला वा लेकीला शांतपणाचा उपदेश करणे फुकट आहे. तिला पाळी नाही, रजा नाही, बदली नाही. गोड बोलायला अंगात त्राण लागते, आणि त्राण विश्रांतीतून येते. घरातल्या इतरांनी आठवड्यातून काही तास तरी तिच्या जागी बसावे. आठ तासांच्या दिवसासाठी लढलेल्या चळवळीने हे काम आता काम म्हणून मोजले पाहिजे.