बाल अत्याचार : ओळख व वर्दी (कर्जत–खालापूर)

अठरा वर्षांखालील मुलाला शारीरिक, लैंगिक वा मानसिक इजा करणे, किंवा ज्याच्यावर सांभाळ सोपवला आहे त्याने मुलाची जाणूनबुजून हेळसांड करणे, म्हणजे बाल अत्याचार. त्याची खबर पोलिसांना देणे ही वर्दी. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, 2012 (पोक्सो, अंमल 14 नोव्हेंबर 2012) या कायद्याने लैंगिक अत्याचाराची वर्दी प्रत्येकाला बंधनकारक केली.

स्थानिक पार्श्वभूमी : रायगड जिल्ह्याच्या या दोन तालुक्यांत ठाकूर, कातकरी व महादेव कोळी यांच्या वाड्या डोंगरपायथ्याला विखुरलेल्या आहेत. पावसाळा सरला की अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर व कोळसाभट्ट्यांवर जातात. मुले सोबत जातात, आजीपाशी राहतात किंवा आश्रमशाळेच्या वसतिगृहात असतात. मुलातला बदल त्यामुळे पुष्कळदा आईबापांआधी अधीक्षक, वर्गशिक्षक, अंगणवाडीताई किंवा आशाताईला दिसतो. मे 2014 मध्ये कर्जत तालुक्यातील टाकवे येथील एका खासगी निवासी शाळेतल्या मुलांवरील लैंगिक अत्याचार पुण्यातील चाइल्डलाइनमार्फत उघडकीस आले व संस्थाचालकाला अटक झाली. ऑगस्ट 2024 मध्ये कर्जत लोकलच्याच मार्गावरील बदलापुरात, एका शाळेतील अत्याचाराचा गुन्हा नोंदवण्यास उशीर झाल्याने संतप्त लोकांनी रेल्वे रोखून धरली. वर्दी न दिल्याबद्दल शाळेच्या व्यवस्थापनावरही गुन्हा दाखल झाला.

ओळख : पाठ, मांडी, कान अशा, पडल्याने सहसा न लागणाऱ्या जागी वळ, जुन्या-नव्या जखमा एकत्र, बसताना-चालताना त्रास, अंथरूण ओले करण्याची सुटलेली सवय परतणे, एका ठरावीक माणसाला पाहताच गप्प होणे, वयाला न शोभणारे लैंगिक बोलणे, कुठून आला हे न सांगता येणारा मोबाइल. दिवाळीची सुट्टी संपून वसतिगृहाला परतायच्या दिवशी पोट दुखणे नेहमीचेच. पण तेच मूल दर सुट्टीनंतर पिशवी धरून दाराआड बसत असेल, तर विचारपूस हवी. एकट्या लक्षणावरून काहीच सिद्ध होत नाही, आणि कोणतेही लक्षण नसतानाही अत्याचार झालेला असू शकतो.

वर्दी : पोक्सोच्या कलम 19 नुसार गुन्हा घडल्याची माहिती किंवा घडण्याची धास्ती एवढे पुरते, पुरावा गोळा करणे पोलिसांचे काम. वर्दी कर्जत, नेरळ, माथेरान, खालापूर, खोपोली, रसायनी यांपैकी जवळच्या ठाण्यात द्यावी. घटना ठाणे किंवा पुणे जिल्ह्यातील भट्टीवर घडली असली तरी शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवता येतो. 1098 (बालक) व 112 (आपत्कालीन) हे क्रमांक चोवीस तास मोफत चालतात. वर्दी नोंदवहीत क्रमांकासह लिहून ती देणाऱ्याला वाचून दाखवावी लागते. पोलिसांना 24 तासांत बालकल्याण समिती व विशेष न्यायालयाला कळवावे लागते. सद्‌भावनेने वर्दी देणाऱ्यावर खटला चालत नाही. माहिती दडवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद व दंड. चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा येथे वसतिगृहातील आदिवासी मुलींवरील अत्याचार न कळवल्याचा आरोप असलेल्या डॉक्टरविरुद्धचा खटला उच्च न्यायालयाने रद्द केला होता. सर्वोच्च न्यायालयाने 2 नोव्हेंबर 2022 रोजी तो पुन्हा उभा केला.

मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याच्या पसंतीच्या जागी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचा असतो. मुलीची वैद्यकीय तपासणी महिला डॉक्टर करते. गुन्हा नोंदण्याआधीही ती होऊ शकते. तपासणी होईपर्यंत मुलाला आंघोळ घालू नये, अंगावरचे कपडे धुऊ नयेत. नाव, शाळा, वाडी, छायाचित्र यांतून मुलाची ओळख उघड करणे गुन्हा आहे.

मुलाचे शब्द : ऐकणाऱ्याने उलटतपासणी करू नये, ‘कुणाला सांगणार नाही’ असे वचनही देऊ नये. मूल ‘मला त्या खोलीत नको’ म्हणाले, तर तेच शब्द, दिवस व जागा लिहावी. त्याचे ‘विनयभंग झाला’ करू नये. कातकरी मुलांची घरची बोली प्रमाण मराठीहून वेगळी आहे. नोंद होणारी भाषा मुलाला कळत नसल्यास दुभाषी द्यावा, असे कलम 19 मध्येच आहे. तो मागून घ्यावा, नाहीतर मुलाचे म्हणणे कागदावर येईपर्यंत दुसऱ्याचेच होऊन बसते.