पट्टा, बिल्ला आणि माणूस

‘पट्टेवाला’ या शब्दातच गणवेशाचा इतिहास दडलेला आहे. ब्रिटिश अमलात शिपायाच्या पट्ट्यावर कचेरीचे नाव कोरलेला बिल्ला असे. त्या बिल्ल्यास ‘चपरास’ म्हणत. त्यावरूनच ‘चपराशी’ हा शब्द आला. १८८६ च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशानुसार ‘चपराशी’ बंगाल इलाख्यातला. मद्रासेत ‘प्यून’ रूढ होता, तर मुंबईत ‘पट्टेवाला’.

हा शिपाई कोणाचा, हे अनोळखी माणसालाही बिल्ल्यावरून कळे. आजच्या कंपन्या कर्मचाऱ्यांच्या सदऱ्यांवर बोधचिन्ह उमटवतात, तेही याच हेतूने.

मात्र बिल्ल्यावर नाव होते ते कचेरीचे, माणसाचे नव्हे. निरोप पोहोचवणारा तो माणूस चारचौघांत पट्ट्याच्याच नावाने ओळखला गेला.