इस्रायल आळीच्या खुणा



अलिबागेतील ‘इस्रायल आळी’ हे नाव आपल्या तोंडी रोजचे आहे. पण ते कसे पडले, असे मुलांनी विचारले तर किती जणींना सांगता येईल? मी काही विदुषी नव्हे, सातवीपर्यंत शिकलेली गृहिणी. तरी वडीलधाऱ्यांकडून ऐकलेले व वाचलेले येथे थोडक्यात देते.

बेने इस्रायली म्हणजे आपले कोकणातले यहुदी. फार प्राचीन काळी नवगावच्या किनाऱ्याजवळ गलबत फुटले, सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या, अशी त्यांची परंपरागत कथा आहे. बुडालेल्यांना मूठमाती दिली ती जागा म्हणून नवगावचे कबरस्थान आजही दाखवितात. ही मंडळी घाण्यावर तेल काढीत. शनिवार हा त्यांचा शब्बाथ, त्या दिवशी घाणा बंद. म्हणून लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणू लागले. गावांवरून आडनावे पडली: नवगावकर, पेणकर, दिवेकर. बोली मराठीच झाली, आणि त्यांच्या सवाष्णींच्या गळ्यात मंगळसूत्रही आले. धर्म मात्र त्यांनी सोडला नाही.

सॅम्युएल दिवेकर यांनी १७९६ साली मुंबईत मांडवीला त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर बांधले. आपल्या आळीतही त्यांचे प्रार्थनामंदिर आहे. अलिबागेजवळच्या खंडाळे गावापाशी खडकावर ‘एलियाहू हन्नाबीचा टापा’ आहे. एलियाहू पैगंबराच्या रथाची ही खूण, अशी श्रद्धा. नवस फेडायला लोक तेथे जातात. या पैगंबराच्या नावाने मलिदा करतात. त्यात गोड पोहे, ओले खोबरे व फळे असतात. आपल्या पोह्यांशी त्याचे नाते सांगायला नकोच!

१९४८ साली इस्रायल राष्ट्र झाले व त्यानंतर बहुतेक कुटुंबे तिकडे गेली. २०१६ साली महाराष्ट्र सरकारने यहुद्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला, हे चांगलेच झाले. पण ज्या गावात माणसेच थोडी उरली, तेथे त्यांच्या खुणा कोणी सांभाळाव्यात? शेजाऱ्यांनीच ना?

त्यासाठी पैसा लागत नाही. आळीचे जुने नाव बोलण्यात ठेवावे. टाप्याला सहलीस गेल्यावर मुलांना खडकावर नावे कोरू देऊ नयेत, कचरा टाकू देऊ नये. आणि अजून येथे राहणाऱ्या आजीबाईंकडून मलिद्याची कृती व जुन्या आठवणी विचारून आपल्या मंडळाच्या वहीत उतरवून घ्याव्यात. हे काम आपण याच वर्षी हाती घ्यावे, अशी माझी सर्व भगिनींना विनंती आहे.